दफेदारांच्या दोन बॅटऱ्या

शिंदे की छावणी, लष्कर
मंगळवार, २५ सप्टेंबर १९५६

जयसिंग,

आणि वर म्हणतोस, "आक्का, नवीकोरी बॅटरी आहे, दोन वर्षं बघायला नको." बघायला नको कसं? नऊ दिवस झाले, सकाळ-संध्याकाळ तेच बघून राहिले आहे मी. गाडी दारात उभी, बॅटरी सीटखाली बसलेली, आणि सेल्फ दाबला की आतून असा आवाज येतो, जसं म्हातारं माणूस खाटेवरून "कोण आहे?" विचारतं आणि उत्तर यायच्या आत परत झोपतं.

आशीर्वाद शेवटी लिहीन. आधी भांडण.

तू भोपाळच्या सरकारी मोटारखान्यात फोरमन. नव्या राजधानीत मोटारी सांभाळायला माझ्या भावाला सगळ्यांच्या आधी पाठवलं, असं मी अख्ख्या छावणीत सांगून बसले. आता तीच माणसं विचारतात, "विजयाबाई, भावाने बॅटरी पाठवली की लोणच्याची बरणी?" तुझ्या ओळखीच्या गार्डाने ती स्टेशनवर माझ्या हवाली केली, मी टांग्यातून घरी आणली, तर तेवढ्यात तेजाब सांडून माझ्या लुगड्याला तीन भोकं. म्हटलं जाऊ दे, जात्याच तिखट आहे, काम चांगलं करील. केलंही. चार दिवस. सेल्फला बोट लावलं की गाडी सुरू. तुझ्या दाजींनी मिशीला पीळ दिला. पाचव्या दिवशी कण्हायला लागली. सहाव्या दिवसापासून एकदा कण्हते आणि गप्प.

मग रोज भितरवारला जाणाऱ्या सवाऱ्यांनी बसमधून उतरायचं आणि ढकलायचं. त्यात एक पंडितजी आहेत, ते यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "दफेदार साहब, ये मोटर है कि पालकी? बैठने के पहले कंधा हमीं को देना पड़ता है." सगळी बस हसली. हे नाही हसले. घरी आले, किल्ली खुंटीला लावली, आणि त्या दिवसापासून गाडी बंद.

तूही हसू नकोस. शनिवारी, २७ ऑक्टोबरला, गाडीची तपासणी आहे. एक नोव्हेंबरपासून नवं राज्य, आपला मध्यभारत खलास, जुने शिक्के खलास, परवाने सगळे नव्याने. हुकूम आला आहे की गाडी मैदानात उभी करायची आणि साहेब म्हणेल तेव्हा सेल्फने सुरू करून दाखवायची. धक्का चालणार नाही. दोन्ही दिवे लागले पाहिजेत, भोंगा वाजला पाहिजे. नाहीतर परवाना नाही.

परवान्याचं एक वेळ मी सहन केलं असतं. यांचं काय करू? रिसाला मोडला, यांना घरी बसवलं, तेव्हापासून साडेतीन वर्षं हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून होता, ते तू बघितलं आहेस. ही फौजेची मोडीत काढलेली लॉरी तूच शोधून दिलीस, तिच्यात बाकडी ठोकली, बस केली, तेव्हा कुठे हे पहाटे उठून दाढी करायला लागले. आता परत नऊ दिवस दाढी नाही. काल चहा घेऊन गेले, तर भिंतीकडे तोंड.

तेव्हा ती बॅटरी परत घे, दुसरी पाठव, आणि ह्या वेळी जिवंत बघून पाठव.

आशीर्वाद.
विजयाआक्का


भोपाळ
शनिवार, २९ सप्टेंबर १९५६

आक्का,

पायावर डोकं ठेवतो. खाली आहे तोवर काय मारायचं ते मारून घे, मग ऐक.

बॅटरी जिवंत होती. काचेच्या नळीने तिचं तेजाब मी स्वतः मोजलं, मगच गार्डाच्या हाती दिली. चार दिवस धावून पाचव्या दिवशी कण्हणारी बॅटरी खोटी नसते. तिला कोणीतरी पितं आहे. मुंजा लागल्यासारखं.

गाडीत काही नवीन लावलं आहे का? एखादा दिवा, एखादी तार? दाजींना विचारू नकोस. त्यांना मोटारीचं विचारलं की ते रिसाल्याचं सांगतात. तू स्वतः ड्रायव्हरच्या सीटची फळी उचल आणि खाली जे दिसेल ते मला लिही. तुला काय वाटतं ते नको, दिसेल ते. आणि बॅटरीच्या डोक्यावर बुचं किती आहेत तेवढी मोज.

इकडे सगळी धांदल आहे. चार राज्यांच्या मोटारी एका आवारात आल्या आहेत आणि एकीचा नट दुसरीला बसत नाही. फोरमनही तीन झाले आहेत, खुर्ची एक. मी खोक्यावर बसून लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

जयसिंग


शिंदे की छावणी
बुधवार, ३ ऑक्टोबर १९५६

जयसिंग,

खोक्यावर बसून भावाने बहिणीला मुंजाच्या गोष्टी सांगाव्यात, हे शिकवलं का तुला आईने? फोरमन आहेस की देवऋषी?

फळी उचलली. दिसलं ते लिहिते. खाली एक नाही, दोन बॅटऱ्या आहेत. एक तुझी काळी कुळकुळीत. दुसरी जुनी, गाडीबरोबर आली होती ती. तिच्या डोक्यावर शिशाचे दोन खुंट असतात ना, त्यांवर पापडखार फुटावा तसं पांढरं-हिरवं फुललं आहे. अंगाने तुझीपेक्षा बारीक. दोघींना जवळजवळ बसवून खोगिराच्या पट्ट्याने आवळून बांधलं आहे, आणि दोन जाड तारांनी हिचं डोकं तिच्या डोक्याला जोडलं आहे. बुचं तुझीला तीन, जुनीलाही तीन. म्हणजे दोन बुचं आणि एक चिंधीचा बोळा.

विचारू नकोस म्हणालास, पण घरात मी कोणाला विचारायचं आणि कोणाला नाही हे भोपाळहून ठरणार नाही. विचारलं. हे उठून बसले. सतरा दिवसांत पहिल्यांदा. म्हणाले, "पागेचा कायदा आहे. नवा घोडा तोफेच्या गाड्याला कधी एकटा जुंपत नाहीत. बुजतो. त्याच्या जोडीला जुना, रस्ता पाहिलेला घोडा देतात. जुना चालतो तसा नवा चालतो. महिनाभरात तयार."

मी म्हटलं, "अहो, ही बॅटरी आहे."

म्हणाले, "नवी आहे ना?"

आता ह्यात काय चुकलं ते तू सांग. मला तर पटलं. नवी सून आली की तिला सहा महिने सासूच्या हाताखाली देतातच. लगेच चुलीचं राज्य नाही देत. जुनीने ही लॉरी फौजेत चालवली आहे, कुठे कुठे लढाईत जाऊन आली असेल. तिच्याजवळ बसून तुझी भोपाळवाली चार गोष्टी शिकेल, हे सोडून रुसून बसली. दोष तिच्यात आहे. यांच्यात नाही.

हे सांगताना यांचा चेहरा असा खुलला होता की पाच मिनिटं मला वाटलं, आता दाढीचं पाणी मागतील. मग बाहेर कोणीतरी ओरडलं, "दफेदार साहब, पालकी कब उठेगी?" आणि हे परत आडवे झाले. ओरडणाऱ्याला मी पोळीच्या लाटण्यासकट बघून आले आहे, तो आता नाही ओरडायचा.

बुचं मोजायला लावलीस, पण कशाला ते नाही लिहिलंस. लवकर उपाय लिही.

विजयाआक्का


भोपाळ
रविवार, ७ ऑक्टोबर १९५६

आक्का,

तुझं पत्र मोटारखान्यात वाचून दाखवलं. तिन्ही फोरमन इतके हसले की पहिल्यांदाच आमचं एकमत झालं. रागावू नकोस, दाजींचं नाव नाही सांगितलं.

चोर सापडला. पण चोर माझी बॅटरी नाही, त्यांची जुनी आहे.

दाजींना त्यांच्याच भाषेत सांग. पागेत प्रत्येक घोड्याच्या तोंडाला त्याचा त्याचा तोबरा असतो, बरोबर? जोडीला जुंपले तरी दाणा ज्याचा तो खातो. बॅटऱ्यांचं तसं नाही. तारांनी डोक्याला डोकं जोडलं की दोघींचा तोबरा एक होतो. गाडी चालते तेव्हा डायनमो त्यात दाणा टाकतो. जुनी आतून सडली आहे, कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही, म्हणून ती दोघींचा दाणा खाते आणि तरी उपाशी. गाडी थांबली, दाणा बंद झाला, की मग नवीच्या पोटातलं ओढायला लागते. सकाळपर्यंत दोघी आडव्या. नवी जुनीकडून काही शिकत नाही, आक्का. जुनीसारखी होते, बस.

तेव्हा आधी दोघींना सोडव. नवीला दौलतगंजात रेडिओवाल्याकडे ने, तो बॅटऱ्या भरून देतो. दोन दिवस ठेवून घेईल. मग ती एकटी लाव. एकटी पुरेशी आहे. जोड द्यायचीच हौस असेल तर तिच्याच तोलाची, तिच्यासारखीच ताजी द्या. अर्धमेली नको.

आणि जुनी फेकून द्या.

जयसिंग


शिंदे की छावणी, लष्कर
मिती आश्विन, मंगळवार, ९ ऑक्टोबर १९५६

राजश्री जयसिंगराव यांसी मल्हारराव, दफेदार (माजी), रिसाला, यांचा रामराम.

पत्र खाजगी आहे. तुमच्या आक्कांस यातील मजकूर कळू नये. पोस्टात त्याच टाकतील, परंतु पाकीट डिंकाने बंद केले आहे.

तुमचे तोबऱ्याचे म्हणणे आक्कांनी वाचून दाखविले. समजले. पूर्वीच कोणी सांगितले असते तर नव्या बॅटरीस त्रास दिला नसता. ती आज दौलतगंजास गेली.

परंतु शेवटची ओळ जमत नाही.

सन १९५१ मध्ये पागेचा लिलाव झाला. चंदेरी ही माझी घोडी एकोणीस वर्षांची होती. तिच्यावरून मी दसऱ्याच्या सवारीत अकरा वेळा गेलो. लिलावाचे साहेब म्हणाले, "इसका क्या करोगे दफेदार? ये तो अब सिर्फ खाएगी." मी कागदावर सही केली. ती मागे वळून बघत होती. तिला वाटले असेल, पाणी पाजायला नेत आहेत.

हे कोणास सांगितलेले नाही. सांगण्यासारखे नाहीही. बॅटरी म्हणजे घोडी नव्हे, एवढे मला कळते. तरी "जुनी झाली, खाते, फेकून द्या" ह्या मजकुरावर पुन्हा सही होत नाही.

म्हणून विचारतो: जुनी गाडीत राहील आणि नवीला उपद्रव होणार नाही, अशी काही तजवीज मोटारविद्येत आहे काय? आलटून पालटून एकेक दिवस? किंवा जुनीला फक्त उतारावर काम? कळवावे.

मल्हारराव


शिंदे की छावणी
मंगळवार, १६ ऑक्टोबर १९५६

जयसिंग,

तुझी अक्कल तू मोटारखान्यात वाचून दाखव. इकडे पाठवू नकोस.

जे झालं ते तुझ्या शब्दावर झालं. मी पत्र पुढ्यात ठेवून लिहिते आहे. "जोड द्यायचीच हौस असेल तर तिच्यासारखीच ताजी द्या." लिहिलंस की नाही? हौस होती. दसरा होता. यांच्या रिसाल्यातली अकरा म्हातारी माणसं गाडीची पूजा बघायला येणार होती, आणि हे म्हणाले, "त्यांच्यासमोर कण्हली तर?" कण्हायची नाही अशी सोय करायला नको?

आपल्या गल्लीत ठाकूर दौलतसिंह राहतात. त्यांचा नवा ट्रॅक्टर गावी जायचा म्हणून आवारात उभा आहे. त्यात बॅटरी बघितली, काय सांगू, म्हशीसारखी! अंग चोपडं, खुंट चकचकीत, आणि बुचं सहा. तू बुचं मोजायला लावली होतीस. मोजली. तुझीला तीन, हिला सहा. म्हटलं, बुचं जास्त म्हणजे पाणी जास्त, म्हणजे ताकद जास्त. तू सांगितलं नव्हतंस तर मी स्वतःच समजून घेणार ना? एक दिवसासाठी मागून आणली.

हे म्हणाले, "जयसिंगरावांना विचारू." मी म्हटलं, "त्यांनीच सांगितलं आहे."

तर दसरा. गाडीला झेंडूचे हार, बॉनेटवर हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. यांनी लाल कोट घातला होता, दाढी गुळगुळीत. अकरा जण फेटे बांधून ओळीत. मी नारळ फोडला. यांनी तुझ्या बॅटरीवरची तार ठाकुरांच्या बॅटरीला लावली, तर अशी ठिणगी उडाली की सगळ्यांनी "वाह!" केलं. सीटखालून भजी तळल्यासारखा आवाज यायला लागला. मला वाटलं, जोमाने काम करते आहे.

सेल्फ दाबला. अरे, गाडी सुरू झाली म्हणू की पिसाळली म्हणू! यांनी दिवे लावले. दिवसाउजेडी डोळे दिपले, असे पांढरे लख्ख दिवे. अकरांपैकी एकाने हात जोडले. तेवढ्यात फट्! एक गेला. फट्! दुसरा गेला. पण यांना कुठलं भान? इतक्या दिवसांनी गाडी धावते आहे! आनंदाने भोंगा दाबला, आणि तो अडकला. बोट काढलं तरी वाजतोच आहे. आणि साधा नाही, असा, जसं रेडकू विहिरीत पडलं आहे.

"बंद करा!" मी ओरडले.

"बंद केली तर परत सुरू नाही होणार!" म्हणाले, आणि मी आत चढते न चढते तोच गाडी निघाली.

छावणीतून दौलतगंजापर्यंत भोंगा एकसारखा. दुकानदार गादीवरून उठून बाहेर. लोकांना वाटलं, दसऱ्याची सवारीच आली, आणि लाल कोट बघून एका म्हाताऱ्याने कमरेतून वाकून मुजरा केला. हेही वेडे, यांनी एक हात सोडून त्याला सलाम केला. शेवटी मीच पुढे वाकले आणि भोंग्याची तार हाताने तोडली. मग दिसलं, सीटखालून धूर, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी.

ठाकूर मागून धावत आले होते. धापा टाकत एवढंच म्हणाले, "बाईसाहब, हमने बैटरी दी थी. आपने तो बारात निकाल दी."

त्यांची बॅटरी शाबूत आहे, पोचती केली. आपले दोन्ही दिवे गेले. भोंगा मुका. तुझी नवी गरम होऊन पोट फुगवून बसली आहे. आणि हे घरी आले आणि लाल कोट न काढताच भिंतीकडे तोंड करून पडले. परवापासून तसेच आहेत. कोट काढू देत नाहीत.

तपासणीला अकरा दिवस. मला दोष द्यायचा असेल तर नंतर दे, फुरसतीने. आत्ता काय करू ते लिही, आणि दोन अर्थ निघतील असं काहीही लिहू नकोस.

विजयाआक्का


भोपाळ
शुक्रवार, १९ ऑक्टोबर १९५६

आक्का,

ह्या वेळी मी कोणाला वाचून दाखवलं नाही. हसू आलं नाही. बॅटरी फुटून तेजाब तुमच्या तोंडावर उडालं असतं.

चूक माझी. बुचं मोजायला लावली आणि कशाला ते सांगितलं नाही. एका बुचाखाली एक घर, एका घरात दोन व्होल्ट. तीन बुचं म्हणजे सहा व्होल्ट, सहा बुचं म्हणजे बारा. तुमची लॉरी सहाची आहे: दिवे सहाचे, भोंगा सहाचा. त्यांच्यावर बारा सोडले तर ते चार घटका फार छान काम करतात आणि मग मरतात. सहाला बारा कधी जोडायची नाही. लहानीला मोठी नाही, नवीला जुनी नाही. कोणालाच कोणी नाही. एकटी. एकटी. एकटी. तीनदा लिहिलं.

गार्डाबरोबर दोन बल्ब आणि एक भोंगा पाठवतो आहे. भोंगा लहान आहे, मोठा मिळाला नाही. नवीला रेडिओवाल्याकडे ने. फार गरम नसेल झाली तर पाणी घालून, हळूहळू भरून उठेल. त्याला नळीने मोजायला सांग, तीनही घरं सारखी आली तर जिंकलो.

आणि दाजींना सांग, जुनीला फेकायची गरज नाही. गाडीत बसू दे तिला हवी तेवढी, पण तिच्या खुंटाला एकही तार लागता कामा नये. नुसती सवारी म्हणून. हे मी आपलं मनानेच लिहितो आहे. मला त्यांचं कुठलंही पत्र आलेलं नाही.

जयसिंग


शिंदे की छावणी
शनिवार, २७ ऑक्टोबर १९५६, संध्याकाळ

जयसिंग,

पत्र आलेलं नाही म्हणे! पाकीट पोस्टात कोण टाकतं ह्या घरात? डिंक ओला होता. वाचलं, परत चिकटवलं, टाकलं. लिलावाला पाच वर्षं झाली, एका घरात राहून त्या घोडीचं ह्या माणसाने मला एक अक्षर सांगितलं नाही, तुला सांगितलं. असो. यांना कळू देऊ नकोस की मला कळलं. मी पण कळलेलं दाखवत नाही.

आता तपासणीचं ऐक.

रेडिओवाल्याने नवी चार दिवस ठेवून घेतली. नळी घालून म्हणाला, "तीनों बराबर." तीच लावली, एकटी. यांना उठवायला तुझं पत्र वाचून दाखवलं. "नुसती सवारी म्हणून" ही ओळ दोनदा वाचायला लावली. मग कोट काढला. मग दाढीचं पाणी मागितलं.

आज सकाळी निघताना मला काय बुद्धी झाली देव जाणे, फळी उचलून बघितली. जुनी तिथेच, आणि नवीला तारेने जोडलेली! मी यांच्याकडे बघितलं. हे चाकाकडे बघत होते. म्हणाले, "मैदानापर्यंतच. पहिल्यांदा साहेबासमोर जाते आहे ती. बुजेल."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी ती जुनी उचलून नाल्यात टाकली असती, तुला माहीत आहे मी कशी आहे. आज नाही टाकली. पान्हा घेऊन तारा स्वतः सोडवल्या, गोणपाटात गुंडाळली, आणि पहिल्या बाकड्यावर मांडीवर घेऊन बसले. वरून माझी शाल. वजन असं की दोन्ही पाय बधिर. यांनी गाडी इतकी सावकाश नेली की मागून सायकली पुढे गेल्या.

मैदानात नव्या राज्याचे नवे साहेब. चष्मा, हातात फळी, फळीवर कागद. आत चढले, मला बघून थांबले.

"माताजी, ये गोद में क्या है?"

"घर की बुजुर्ग हैं," मी म्हटलं. "आँख से लाचार, कान से लाचार. आप अपना काम करो."

साहेबाने शालीचं टोक उचललं. बराच वेळ बघितलं. मग यांच्याकडे बघितलं. हे तर तोफेच्या तोंडी दिल्यासारखे ताठ. मग साहेब मला म्हणतात, "इनको यात्री में लिखूँ कि सामान में?"

"यात्री में. सामान तो ऊपर छत पर जाता है. इनसे चढ़ा नहीं जाएगा."

साहेबाने काही लिहिलं नाही. शाल नीट सारखी केली आणि खाली उतरून म्हणाले, "चालू कीजिए."

जयसिंग, यांचा हात सेल्फवर होता आणि हलत नव्हता. मी मागून बघत होते, मानेवर घाम. मी हळूच म्हटलं, "अहो, ती एकटी आहे. तुम्ही नाही." असं मी का म्हटलं मला ठाऊक नाही. यांनी दाबला. एकदाच. गाडी सुरू झाली. पिसाळली नाही, ओरडली नाही, घरच्यासारखी सुरू झाली. दिवे दोन्ही लागले, पिवळे, गुणी. मग भोंगा. तो तुझा भोंगा! बदकाच्या पिल्लाला सर्दी झाली आहे असा. साहेब हसले, यांना हसू आलं, सगळं मैदान हसलं. साहेबाने शिक्का मारला. नव्या राज्याची शाई अजून ओली आहे, हातालाही लागली, मी पुसली नाही.

घरी येताना यांनी जुनीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि ओसरीत सावलीत ठेवलं. मग म्हणाले, "रविवारी भाऊबीज आहे ना?"

म्हटलं, "आहे. जयसिंगला सुट्टी नाही, तो येणार नाही."

म्हणाले, "मग आपण जाऊ. आपल्या गाडीने. शिवपुरी, गुना, ब्यावरा, आणि भोपाळ. सवारी घेणार नाही, परवाना भितरवारचाच आहे. घरचीच माणसं."

अडीचशे मैल, जयसिंग! हा माणूस गेल्या महिन्यात अंगणापर्यंत येत नव्हता. मी "वेड लागलं आहे का" म्हणायला तोंड उघडलं आणि लाडवाचा रवा भाजायला बसले. गुरुवारी, एक तारखेला सकाळी निघतो. दिवाळीचा नारळ गुन्यात फोडू. शनिवारी तुझ्या दारात. मोडता घालायचा नाही, "आक्का, जागा नाही" म्हणायचं नाही. तू खोक्यावर बसतोस तर आम्हीही खोक्यावर बसू. तिन्ही फोरमनना लाडू आहेत.

फक्त एक गोष्ट तार करून कळव. तुझ्या दारापुढचा रस्ता उताराचा आहे का? बॅटरी चांगली आहे, तीनही घरं बराबर आहेत, साहेबाचा शिक्का आहे, सगळं खरं. पण परत निघताना तुझ्या शेजाऱ्यांसमोर हे खाली मान घालून बसलेले मला बघायचे नाहीत. उतार असेल तर दारापुढे लावू, वेळ आलीच तर धक्क्याशिवाय घरंगळत सुरू होईल. नसेल तर आत्ताच शोध, पाव मैल लांब असला तरी चालेल, आणि तिथे दुसऱ्या कोणाची गाडी लावू देऊ नकोस.

"आहे" किंवा "नाही", एवढंच लिही. बुधवारी संध्याकाळपर्यंत तार हातात पाहिजे.

विजयाआक्का